लांबच्या प्रवासासाठी स्वस्त सायकल
लांब पल्ल्यासाठी स्वस्त सायकल निवडताना तिच्या हलकेपणापेक्षा चाकांचा भक्कमपणा पाहावा. सामानाचा बहुतेक भार मागच्या चाकावर येत असल्याने त्याला ३६ स्पोक, म्हणजे तारा, असणे इष्ट ठरते. पोलादी सांगाडा जड खरा, पण त्याचा तुटलेला सांधा गावातल्या वेल्डिंगच्या दुकानातही जोडून मिळतो, जे ॲल्युमिनियमच्या बाबतीत सहसा घडत नाही. कोकणच्या सागरी मार्गावर चढउतार वारंवार येतात, म्हणून पुढचे सर्वांत लहान दातेरी चक्र मागच्या सर्वांत मोठ्या चक्राहून लहान असावे, म्हणजे पेडलच्या एका फेऱ्यात चाक पूर्ण फेराही घेत नाही आणि चढ सोपा जातो. स्वस्त सायकलींवरचा शॉकअप बहुधा वजनच वाढवतो. त्याऐवजी ३५ ते ४० मिलिमीटर रुंदीचे टायर घ्यावेत आणि कॅरिअरसाठी सांगाड्याला आटे पाडलेली भोके आहेत का, हे खरेदीपूर्वी तपासावे.