आमच्या अंगणातली एस. टी.

कुणाच्या अंगणात तुळस असते, कुणाच्या अंगणात गाय असते. आमच्या औरंगपुऱ्यातल्या जुन्या वाड्याच्या अंगणात मात्र तुळशीशेजारी एक एस. टी. उभी आहे! मंडईतून भाजीच्या पिशव्या घेऊन जाणारी माणसे दाराशी थबकतात, आत डोकावतात आणि 'ही कुठे जाते हो?' असे विचारून हसतात. आमचे उत्तर ठरलेले आहे : 'कुठेच नाही. पन्नास वर्षे याच थांब्यावर आहे!'

खरे म्हणजे ती अर्धीच एस. टी. आहे. चालकाची जागा, दार आणि बाकांच्या चार रांगा, एवढाच सांगाडा. इंजिन नाही, चाके नाहीत. खाली विटांचे चौथरे. बाबा एस. टी.च्या कार्यशाळेत बॉडी-फिटर होते. मोठ्या दुष्काळानंतरच्या वर्षी, १९७३ साली, एका भंगारवाल्याकडे त्यांना ती दिसली. दोन महिन्यांचा पगार मोजून आणि अंगणाची भिंत पाडून त्यांनी ती घरात घेतली. आजीने म्हणे दोन दिवस अबोला धरला होता. पुढे तीच आजी तिच्यात बसून वाती वळू लागली. आम्ही भावंडांनी तिच्याच बाकावर बसून पाढे पाठ केले, आणि आता आमची मुले तिच्यात बसून लुटुपुटीची तिकिटे फाडतात.

यंदाच्या पावसाळ्यात मात्र आक्रीत घडले. माझा सात वर्षांचा पुतण्या तिसऱ्या खिडकीशी उभा राहायला गेला, आणि पायाखालचा पत्रा पापडासारखा मोडला. पोटरीला चांगली दोन बोटे जखम झाली. धनुर्वाताचे इंजेक्शन झाले, टाके पडले. रात्री सौभाग्यवतींनी निकाल दिला, "अहो, एक तर ती नीट करा, नाही तर भंगारात द्या. दसऱ्यापर्यंत मुदत."

बाबा काही बोलले नाहीत. काचबिंदूने त्यांची नजर बरीच गेली आहे. ते उठले, चाचपडत अंगणात गेले आणि एस. टी.च्या दारावर हात ठेवून उभे राहिले. ते पाहिले आणि मी ठरवले, भंगारवाल्याला बोलवायचे नाही. पण वाचकहो, ठरवणे निराळे आणि हातोडी धरणे निराळे! मी बँकेतला माणूस. पत्र्याची विद्या बाबांच्या हातात. डोळे तेवढे माझे.

काम काढले ते नेमके पितृपक्षात. शेजारच्या काकू म्हणाल्या, "या दिवसांत नवे काम कशाला काढता?" बाबा म्हणाले, "नवे कुठे? जुन्याचीच सेवा आहे ही."

पहिला धडा टिचकीचा. स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने पत्र्यावर हलकेच ठोकत जायचे. धड पत्रा खणखणतो. गंजलेला बसका, मेलेला आवाज देतो. दुसरा धडा लोहचुंबकाचा. लोखंडाला तो चिकटतो. जिथे रंगाखाली जाड पुट्टी भरलेली असते, तिथून घसरून पडतो. तिसऱ्या खिडकीखाली चुंबक टपकन खाली पडला, आणि माझ्या कपाळावर घाम आला.

कारण ती पुट्टी माझीच होती. दहा वर्षांपूर्वी तिथे गंजाचे भोक दिसले, तेव्हा एका रविवारी मी गंज न खरवडता वरून पुट्टी थापली, रंगाचा हात मारला आणि स्वतःवर खूष झालो. त्या भरात खालच्या पट्टीतली बारीक छिद्रेही बुजवली. ती छिद्रे कशासाठी असतात, हे मला आता कळले. खिडकीच्या फटीतून आत शिरलेले पाणी तिथून निथळून जाते. मी त्याची वाटच बंद केली होती. दहा पावसाळे पाणी आत साचत राहिले, आणि पोराचा पाय गेला तो नेमका तिथेच.

गंजाचा स्वभावच मोठा कपटी. लोखंड, हवा आणि पाणी एकत्र आले की तो जन्मतो. मूळ लोखंडापेक्षा तो कितीतरी अधिक जागा व्यापतो, म्हणून वरचा रंग फुगतो आणि सुटतो. शिवाय तो सच्छिद्र; आतल्या लोखंडाचे रक्षण करायचे सोडून ओल धरून ठेवतो. वर सुपारीएवढा फुगवटा दिसला, तर आत बशीएवढे खाल्लेले असते असे समजावे.

रंग खरवडताना एक मौज झाली. लाल रंगाखालून निळा आणि चंदेरी रंग डोकावू लागला. मी सांगताच बाबा खुलले. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर, अशी पहिली एस. टी. धावली. त्या काळच्या गाड्यांची बॉडी लाकडी आणि आसने तीस. पुढे पोलादी बॉडी आली. पण पोलाद गंजते, कोकणच्या खाऱ्या हवेत तर फारच. म्हणून १९६० साली ॲल्युमिनियमचा पत्रा वापरायला सुरुवात झाली, आणि त्याच सुमारास निळा-चंदेरी रंग जाऊन लाल आला. आमची अर्धी एस. टी. त्याआधीची, पोलादी घराण्यातली. आपल्या मराठवाड्यात बस त्याच्याही आधी आली होती. निजामाच्या रेल्वेने १९३२ साली २७ गाड्यांनिशी मोटारसेवा सुरू केली होती. बाबा हे सारे पुराणिकासारखे सांगत होते आणि मी खरवडत होतो.

खरवडण्याविषयी एक सूचना. जुन्या रंगात शिसे असण्याचा संभव असतो, आणि त्याची धूळ मुलांना फार घातक. म्हणून आम्ही नाकाला मास्क आणि डोळ्यांना चष्मा लावला, पॉलिश पेपर ओला करून घासला, खाली जुनी ताडपत्री अंथरली आणि मुलांना अंगणबंदी केली. गंज तारेच्या ब्रशने काढला. खड्ड्यांत उरला त्यावर फॉस्फरिक आम्लाचे द्रावण, हातमोजे घालून. मग धुणे, कोरडे करणे आणि त्याच दिवशी रेड ऑक्साइडचा प्रायमर. उघडे लोखंड रात्रभर ठेवले, तर सकाळी पुन्हा तांबूस दिसते.

गंजलेला भाग धड पत्रा लागेपर्यंत कापून काढला. भोक वीतभर होते, ते हातभर झाले! मी ॲल्युमिनियमचे ठिगळ सुचवले. बाबांनी मान हलवली. लोखंड आणि ॲल्युमिनियम एकमेकांना टेकले आणि मध्ये ओल आली, की ॲल्युमिनियम पांढरी भुकटी होऊन झिजत जाते. म्हणून जस्ताचा पत्रा आणला, वीस गेजचा. जस्त स्वतः झिजते पण लोखंडाला सांभाळते. वेल्डिंगला मात्र घरात सर्वांचाच नकार. वाडा लाकडी, आणि २०१६ च्या दिवाळीत इथल्या जिल्हा परिषदेच्या मैदानावरचा फटाक्यांचा बाजार जळालेला आम्ही पाहिला आहे. शिवाय जस्ताच्या पत्र्याचा धूर छातीला वाईट. म्हणून भोकापेक्षा चारी बाजूंनी इंचभर मोठे ठिगळ कापले, कडेला सीलंट भरले आणि दर दीड इंचावर पॉप रिव्हेट मारला. पाण्याची छिद्रे पुन्हा मोकळी केली, ती बाबांनी स्वतः काडी घालून तपासली.

उरला दाराजवळचा मोठा पोचा. मी मोठी हातोडी घेऊन मधोमध घाव घालायला निघालो, तोच बाबांनी हात धरला. जोराचा घाव बसला की पत्रा ताणून पसरतो. मग तो तेलाच्या डब्याच्या बुडासारखा आत-बाहेर टकटक करतो आणि कधीच सपाट होत नाही. आतून लोखंडी डॉली टेकवायची, बाहेरून हलके ठोके द्यायचे, आणि कडेकडून मध्याकडे यायचे. दर दहा-बारा ठोक्यांनी बाबा तळहाताखाली पातळ फडके धरून पत्र्यावरून हात फिरवीत. "इथं उंच आहे. इथं अजून केसभर खोल." मला धड डोळ्यांनी जे दिसत नव्हते, ते त्यांच्या तळव्याला कळत होते. शेवटी पुट्टी लावली ती दोन-तीन मिलिमीटरच्या आत, पोळीला तूप लावावे तेवढी.

त्या संध्याकाळी मला राहवले नाही. मी म्हणालो, "बाबा, तिसऱ्या खिडकीची ती पुट्टी मीच लावली होती. तुम्हाला सांगितलं नव्हतं."

ते बराच वेळ हातातली डॉली पुसत राहिले. मग म्हणाले, "मला त्याच वर्षी कळलं होतं रे. टिचकी मारली तर आवाज बसका आला. पण तू हौसेनं केलं होतंस, तुला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही. पोरांना तेवढं 'तिकडे बसू नका' सांगत राहिलो. म्हणजे मीही पुट्टीच लावली की."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघांनी मिळून ही गोष्ट धाकट्या भावाला आणि भावजयीला सांगितली. भाऊ काही वेळ गप्प राहिला. मग बाह्या सरसावून त्याने रंगाचा ब्रश उचलला. शेवटचे दोन हात त्याचेच आहेत.

खंडेनवमीला हातोडी, डॉली आणि रिव्हेट मारायचे यंत्र पाटावर मांडून पूजा झाली. दसऱ्याला एस. टी.ला झेंडूची माळ चढली. पुतण्याने आधी एक पाय ठेवून पाहिला, मग दोन्ही पायांनी उडी मारली. बाबा कान देऊन ऐकत होते. पत्रा खणखणला.

वाचकहो, तुमच्या अंगणात एस. टी. नसेल, पण गच्चीवर पत्र्याची शेड असेल, लोखंडी कपाट असेल, जुनी सायकल असेल. दिवाळीच्या साफसफाईत त्यांना रंगाचा हात देण्यापूर्वी एक टिचकी जरूर मारून पाहा. आणि आवाज बसका आला, तर तो घरात सर्वांना सांगा.