स्त्रियांची पहिली ऑलिंपिक मॅरेथॉन

ऑलिंपिक सामन्यांचें पुनरुज्जीवन १८९६ सालीं अथेन्स येथें झालें, तेव्हां पुरुषांची मॅरेथॉन शर्यत त्यांत होती. स्त्रियांची मॅरेथॉन ऑलिंपिकमध्यें प्रथम झाली ती १९८४ सालीं, अमेरिकेंतील लॉस एंजेल्स शहरीं. मध्यें अठ्ठ्याऐंशी वर्षें गेलीं. या काळांत स्त्रीच्या शरीराची घडण बदलली नाहीं. बदलली ती त्या शरीराविषयींची समजूत. ही समजूत कशी रुजली, इतकीं वर्षें कशी टिकली, आणि ५ ऑगस्ट १९८४ च्या सकाळीं तिची परीक्षा कशी झाली, हें समजून घेण्यासारखें आहे.

मॅरेथॉनचें अंतर ४२ किलोमीटर १९५ मीटर, म्हणजे सव्वीस मैलांहून थोडें अधिक आहे. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्यें हें अंतर ठेवण्यांत आलें आणि १९२१ सालीं तेंच कायम झालें. स्नायु व यकृत यांत साठविलेली शर्करा वेगानें धांवणारास साधारणपणें तीस ते पस्तीस किलोमीटरपर्यंत पुरते. त्यापुढें शरीराला चरबीवर अधिकाधिक अवलंबून राहावें लागतें, आणि चरबीपासून शक्ति सावकाश मिळते. शिवाय धांवतांना स्नायूंत जी उष्णता उत्पन्न होते ती मुख्यतः घामावाटें बाहेर पडते. पाणी कमी पडलें आणि हवा तापली, म्हणजे शरीराचें उष्णतामान चढूं लागतें, पाय लटपटतात, दिशेचें भान सुटतें. निसर्गाचा हा नियम पुरुषांना जसा लागू आहे तसाच स्त्रियांनाहि आहे. मात्र दोघांच्या बाबतींत त्यावरून काढलेले निष्कर्ष फार निरनिराळे होते.

१९०८ च्या त्याच लंडनच्या शर्यतींत दोरांदो पिएत्री नांवाचा इटालियन तरुण सर्वांच्या आधीं क्रीडांगणांत आला. तो उलट दिशेनें वळला, वारंवार खालीं पडला, आणि शेवटीं पंचांच्या आधारानें त्यानें अंतिम रेषा ओलांडली. दुसऱ्याची मदत घेतल्यामुळें त्याला बाद ठरविण्यांत आलें. परंतु लोकांनीं त्याला वीर मानलें, राणी अलेक्झांड्रा हिनें त्याला सोन्याचा मुलामा दिलेला चांदीचा चषक दिला, आणि मॅरेथॉनची लोकप्रियता पूर्वींपेक्षां वाढली. पुरुषांना हें अंतर झेपत नाहीं, असा निष्कर्ष त्यावरून निघाला नाहीं.

वीस वर्षांनीं, १९२८ सालीं, ॲमस्टरडॅम येथें ऑलिंपिकमधील मैदानी शर्यती स्त्रियांना प्रथमच खुल्या झाल्या. त्यांतली सर्वांत लांब शर्यत ८०० मीटरांची होती. जर्मनीच्या लीना राडके हिनें ती २ मिनिटें १६.८ सेकंदांत जिंकून जागतिक विक्रम केला. पण कांहीं वृत्तपत्रांनीं वेगळीच हकीकत छापली: अकरा स्त्रिया धांवल्या, पांच जणींनीं शर्यत मध्येंच सोडली, आणि उरलेल्याहि शेवटीं कोसळल्या. वस्तुतः धांवणाऱ्या स्त्रिया नऊच होत्या आणि त्या नऊहि जणींनीं शर्यत पुरी केली. जोराच्या शर्यतीनंतर एखादी दुसरी दमून गवतावर पडली असेल, तर पुरुषहि तसेच पडतात. तरीसुद्धां ही शर्यत स्त्रियांना सोसत नाहीं असें ठरवून ती काढून टाकण्यांत आली, आणि १९६० पर्यंत ऑलिंपिकमध्यें पुन्हा आली नाहीं. आठशें मीटर जिला झेपत नाहींत तिला बेचाळीस किलोमीटर कसे झेपतील, असा प्रश्न मग कोणी विचारण्याचेंहि कारण उरलें नाहीं.

या प्रश्नाला उत्तर स्त्रियांनीं पायांनींच दिलें. अमेरिकेंतील बोस्टन मॅरेथॉनमध्यें १९६६ सालीं रॉबर्टा गिब ही प्रारंभस्थानाजवळच्या झुडपांत लपून राहिली आणि शर्यत सुरू झाल्यावर धांवणाऱ्यांत मिसळून तिनें ती पुरी केली. पुढच्याच वर्षीं कॅथरिन स्विट्झर हिनें केवळ आद्याक्षरें व आडनांव देऊन रीतसर क्रमांक मिळविला. धांवणारी व्यक्ति स्त्री आहे हें लक्षांत येतांच शर्यतीचा एक चालक रस्त्यावर धांवून आला आणि तिचा क्रमांक ओढून काढूं लागला. तरीहि ती शेवटपर्यंत धांवली. १९७२ सालीं बोस्टनचे दरवाजे स्त्रियांना अधिकृतपणें उघडले. इकडे जर्मनींत अर्न्स्ट व्हान आकेन हे वैद्य, दमाच्या कामांत स्त्रिया मुळींच कमी नाहींत, असें आग्रहानें सांगत होते. त्यांच्या प्रयत्नानें १९७३ सालीं वाल्डनील या गांवीं केवळ स्त्रियांची मॅरेथॉन झाली. १९७९ सालीं नॉर्वेच्या ग्रेटे वाइट्झ हिनें न्यूयॉर्क येथें २ तास २७ मिनिटें ३३ सेकंदांत अंतर कापलें, तेव्हां अडीच तासांची मर्यादा स्त्रियांनीं प्रथमच ओलांडली. तरीहि १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकमध्यें स्त्रियांसाठीं १५०० मीटरांहून लांब शर्यत नव्हती. त्याच उन्हाळ्यांत लंडनच्या रस्त्यांवर सत्तावीस देशांच्या स्त्रिया मॅरेथॉन धांवल्या. अखेर १९८१ च्या फेब्रुवारींत ऑलिंपिक समितीनें लॉस एंजेल्सच्या कार्यक्रमांत स्त्रियांची मॅरेथॉन घालण्याचें मान्य केलें.

त्या दिवशीं सकाळीं आठ वाजतां, समुद्रकांठच्या सांता मोनिका येथून अठ्ठावीस देशांच्या पन्नास स्त्रिया निघाल्या. सकाळची वेळ निवडण्याचें कारण उघड होतें: ऑगस्टचें ऊन चढत जाणार होतें. ग्रेटे वाइट्झ ही १९८३ सालची जगज्जेती होती. पोर्तुगालची रोझा मोता ही युरोपची विजेती होती. अमेरिकेची जोन बेनॉइट हिनें १९८३ सालीं बोस्टन येथें २ तास २२ मिनिटें ४३ सेकंदांचा जागतिक उच्चांक केला होता. परंतु एप्रिल १९८४ मध्यें तिच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली होती, आणि त्यानंतर अवघ्या सतराव्या दिवशीं निवडचांचणी जिंकून तिनें संघांत जागा मिळविली होती.

पहिल्या तीन मैलांच्या सुमारासच बेनॉइट पुढें निघाली. पहिल्या पाणी देण्याच्या ठिकाणीं इतर जणी वळल्या, ती वळली नाहीं. तिच्यामागें कोणी गेलें नाहीं, कारण एवढ्या लवकर पुढें जाणारी उन्हांत थकेल आणि परत हातीं लागेल, असा अनुभवी स्पर्धकांचा हिशेब होता. तो हिशेब सर्वसाधारणपणें बरोबरच असतो. त्या दिवशीं तो चुकला. मोटारींसाठीं बांधलेल्या, त्या सकाळीं रिकाम्या ठेवलेल्या रुंद रस्त्यावर ती एकटीच धांवत राहिली, आणि हजारों प्रेक्षकांनीं भरलेल्या कॉलिसियम क्रीडांगणांत डोक्यावरची पांढरी टोपी हातांत घेऊन हलवीत शिरली. तिची वेळ २ तास २४ मिनिटें ५२ सेकंद भरली. शहाऐंशी सेकंदांनीं वाइट्झ आली, तिच्यामागून मोता. १८९६ पासून १९५६ पर्यंत जे पुरुष ऑलिंपिक मॅरेथॉन जिंकले, त्यांत या वेळेहून कमी वेळ फक्त एकाची होती, ती १९५२ सालच्या एमिल झाटोपेकची.

परंतु त्या सकाळचा कठीण क्षण यानंतरच यावयाचा होता. बेनॉइट आल्यावर वीसएक मिनिटांनीं स्वित्झर्लंडची गाब्रिएला अँडरसन-शीस ही एकोणचाळीस वर्षांची स्त्री क्रीडांगणांत आली. पाणी देण्याचें शेवटचें ठिकाण तिच्या हातून चुकलें होतें. तिचें शरीर एका बाजूला वाकलें होतें, एक हात निर्जीव लोंबत होता, पाऊल सरळ पडत नव्हतें. डॉक्टर जवळ येतांच तिनें त्यांना हातानें दूर सारलें, कारण कोणीहि स्पर्श केला तर नियमाप्रमाणें ती बाद झाली असती. डॉक्टर तिच्या बरोबरीनें चालत राहिले व निरखीत राहिले. तिच्या अंगाला अजून घाम येत आहे, म्हणजे उष्णता बाहेर टाकण्याची शरीराची शक्ति शाबूत आहे, असें पाहून त्यांनीं तिला अडविलें नाहीं. शेवटच्या चारशें मीटरांना तिला पांच मिनिटांहून अधिक वेळ लागला. रेषा ओलांडून ती डॉक्टरांच्या हातांत पडली, आणि दोन-तीन तासांत सावरली.

हें दृश्य जगभर दिसलें. १९२८ सालीं न घडलेल्या गोष्टीवरून एक शर्यत बंद पडली होती. येथें तर एक स्त्री खरोखरच कोसळतांना सर्वांनीं पाहिली. तरीहि यावेळीं स्त्रियांची मॅरेथॉन बंद झाली नाहीं. त्याचें कारण त्याच दिवसाच्या निकालांत आहे. निघालेल्या पन्नास जणींपैकीं चव्वेचाळीस जणींनीं शर्यत पुरी केली. अँडरसन-शीस सदतिसावी आली, म्हणजे तिच्या मागूनहि सात जणी पोंचल्या. एका स्त्रीची अवस्था ही उन्हाची आणि पाण्याच्या अभावाची अवस्था आहे, ती स्त्रीजातीची अवस्था नव्हे, हें त्रेचाळीस जणींच्या साक्षीनें दिसून आलें. दोरांदोला जो न्याय मिळाला होता तो शहात्तर वर्षांनीं एका स्त्रीला मिळाला. पुढें नियम बदलला तोहि शहाणपणानें: शर्यतीवर बंदी आली नाहीं, तर डॉक्टरानें तपासण्यासाठीं हात लावला तरी स्पर्धक बाद होणार नाहीं, असें ठरलें.

चार वर्षांनीं सोल येथें रोझा मोता हिनें सुवर्णपदक मिळविलें. २०१६ सालीं रिओ द जानेरो येथील ऑलिंपिक मॅरेथॉनमध्यें नाशिक जिल्ह्यांतील कविता राऊत भारतातर्फें धांवली. आणि २०२४ सालीं पॅरिस येथें पुरुषांची मॅरेथॉन आदल्या दिवशीं उरकून, अखेरच्या दिवसाचा मान स्त्रियांच्या मॅरेथॉनला देण्यांत आला. नेदरलंड्सची सिफान हसन ती २ तास २२ मिनिटें ५५ सेकंदांत जिंकली. ॲमस्टरडॅम हें नेदरलंड्सचेंच शहर. स्त्रियांना आठशें मीटर धांवूं देऊं नयेत असें ज्या शर्यतीवरून ठरलें, ती तेथेंच झाली होती.