मराठवाड्यात समुद्र नाही, मग इथल्या लेणीत बुडणारं जहाज का कोरलंय?

छत्रपती संभाजीनगरला गेलेले बरेच जण बिबी का मकबरा पाहून परत फिरतात. पण त्याच्याच मागच्या डोंगरात बौद्ध लेणी आहेत. त्यातल्या ७ नंबरच्या लेणीत दाराशेजारच्या भिंतीवर साधारण सहाव्या शतकातलं एक मोठं शिल्प दिसतं. मधोमध बोधिसत्व अवलोकितेश्वर उभा आहे आणि त्याच्या दोन्ही बाजूंना छोटी छोटी दृश्यं कोरलेली आहेत. त्यातल्या एका दृश्यात चक्क जहाज बुडतंय.

समुद्र इथून अडीचशे किलोमीटरहून लांब. मग जहाज कशासाठी?

शिल्पात नेमकं काय दाखवलंय?

याला ‘अष्टमहाभय’ म्हणतात, म्हणजे आठ मोठी संकटं. आग, शत्रूची तलवार, बेड्या, जहाज फुटणं, सिंह, साप, पिसाळलेला हत्ती आणि राक्षसाच्या रूपातला मृत्यू. या संकटांत सापडलेली माणसं अवलोकितेश्वराचा धावा करतायत.

ही यादी नीट वाचली की एक गोष्ट लक्षात येते. यातली बहुतेक संकटं घरात बसलेल्या माणसावर सहसा येत नाहीत. ती वाटेवरच्या माणसाला गाठतात.

एवढा प्रवास कोण करायचं?

व्यापारी आणि भिक्खू. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक पुस्तकात पैठण आणि तगर या बाजारपेठांची नोंद आहे. तगर म्हणजे लातूरच्या शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातलं आजचं तेर. पैठणहून तिथे जायला १० दिवस आणि पैठणहून भडोच बंदर गाठायला २० दिवस लागायचे. तेरचं कापड धड रस्ता नसलेल्या मुलखातून गाड्यांनी बंदरावर जायचं आणि तिथून जहाजात चढायचं. शिल्प त्यानंतर काही शतकांनी कोरलं गेलं, पण मधल्या काळात वाट सोपी झाली नव्हती. माल मराठवाड्यातला असला तरी भीती समुद्राचीही होती.

लोक खरंच असा धावा करायचे?

हो. चिनी भिक्खू फाहियान पाचव्या शतकाच्या सुरुवातीला श्रीलंकेहून समुद्रमार्गे निघाला आणि वादळात सापडला. जहाजात पाणी शिरलं, व्यापाऱ्यांनी माल समुद्रात फेकायला सुरुवात केली. आपल्या पोथ्याही फेकतील, या भीतीने त्याने अवलोकितेश्वराचाच धावा केला. वादळ १३ दिवस चाललं. पोथ्या वाचल्या, तोही वाचला.

अशी शिल्पं अजून कुठे आहेत?

अजिंठ्याच्या ४ नंबरच्या आणि मुंबईतल्या कान्हेरीच्या ९० नंबरच्या लेणीतही.

आता सिंह राहिले नाहीत. पण पावसाळ्यात मांजरा, मन्याडला पूर येतो, पुलावरून पाणी जातं आणि नांदेड-लातूरकडे घराघरांत आजही गाडी निघताना एकच वाक्य ऐकू येतं, ‘पोचलास की फोन कर.’ हे शिल्प त्याच काळजीचं आहे.