‘आयदान’चे वाचक

डोक्यावर लाकडांच्या मोळ्या, गवताचे भारे, आंब्यांच्या पाट्या घेऊन रत्नागिरीच्या बाजाराला पायी निघालेल्या बायकांपासून उर्मिला पवार यांचं ‘आयदान’ सुरू होतं. २००३ साली ग्रंथालीने ते प्रसिद्ध केलं. पुस्तक गाजलं. वाचक जितका त्या जगाच्या जवळचा, तितकं ते त्याला पचवायला जड गेलं, हे मात्र कमी बोललं गेलं आहे.

फणसवळ्याच्या महारवाड्यातल्या एका मुलीच्या वाढण्याची ही गोष्ट. वडील शिक्षक. मुलांनी शिकावं हा त्यांचा ध्यास. पण ती लहान असतानाच ते गेले. मग आईने बांबूची सुपं, टोपल्या, रोवळ्या विणून घर चालवलं. कोकणात या वस्तूंना आयदान म्हणतात. ते पोचवायला मुलगी सवर्णांच्या घरी जाई, तेव्हा तिला उंबऱ्याबाहेर उभं केलं जाई, टोपल्यांवर पाणी शिंपडून मगच त्या घरात घेतल्या जात आणि पैसे तिच्या हाताला स्पर्श होणार नाही अशा बेताने वरून टाकले जात. शाळेत शेण काढायला नकार दिला म्हणून गुरुजी थोबाडीत मारतात आणि आई त्यांना चारचौघांत जाब विचारते. मैत्रिणींच्या जेवणात मुलगी पोटभर जेवते, तर ‘किती जेवली’ याचीच दुसऱ्या दिवशी शाळेत चर्चा होते. भूक आणि लाज एकाच घासात कशी येते, हे इतक्या साधेपणाने मराठीत क्वचितच लिहिलं गेलं आहे.

दूरच्या वाचकांनी हे पुस्तक मोकळ्या मनाने स्वीकारलं. माया पंडित यांनी केलेला इंग्रजी अनुवाद २००८ मध्ये आला आणि पुस्तक परदेशी विद्यापीठांपर्यंत गेलं. शर्मिला रेगे यांनी दलित स्त्रियांच्या आत्मकथनांचा अभ्यास करताना त्यांच्याकडे एका समाजाची साक्ष म्हणून पाहिलं. ही दृष्टी मोलाचीच. तरी ‘आयदान’ निव्वळ साक्ष म्हणून वाचलं, तर त्यातली खट्याळ, खादाड, हेवा करणारी, आईवर चिडणारी पोर हातून निसटते. वेदनेवर थांबणाऱ्या वाचकाला अर्धंच पुस्तक भेटतं.

साहित्यसंस्थेची दादही सरळ नव्हती. महाराष्ट्र साहित्य परिषदेने आत्मचरित्रासाठीचा लक्ष्मीबाई टिळक पुरस्कार ‘आयदान’ला जाहीर केला आणि पवार यांनी तो नाकारला. समारंभाची सुरुवात सरस्वतीवंदनेने होणार होती; मराठी साहित्यावर एकाच धर्माची मूल्यं आणि प्रतिमा लादण्याचा हा प्रयत्न असल्याचं त्यांनी परिषदेला कळवलं. पुस्तकाचं कौतुक करणाऱ्यांवरही लेखिकेने असा आक्षेप घेतला, आणि तो रास्त होता.

सर्वात अवघड वाचक घरातला. ‘आयदान’मध्ये पाळी आहे, लग्नाची पहिली रात्र आहे आणि बायकोच्या शिक्षणाने, लेखनाने अस्वस्थ होणारा नवराही आहे. गावात जातीने दिलेला त्रास सांगणारी लेखिका दलित चळवळीतल्या घरांमधल्या पुरुषी वर्चस्वावरही बोट ठेवते. पहिल्या भागाला मान डोलावणाऱ्या कार्यकर्त्याला दुसरा भाग वाचताना स्वतःच्या घराकडे पाहावं लागतं.

हा ताण जुना आहे. फलटणच्या बेबी कांबळे यांनी ‘जिणं आमुचं’ या आत्मकथनाची पानं कित्येक वर्षं घरच्यांपासून लपवून ठेवली. अभ्यासक मॅक्सीन बर्नसन यांच्या प्रोत्साहनाने ती बाहेर आली, ‘स्त्री’ मासिकातून क्रमशः छापली गेली आणि १९८६ साली त्यांचं पुस्तक झालं. शांताबाई कांबळे यांच्या ‘माज्या जल्माची चित्तरकथा’वर ‘नाजुका’ ही दूरदर्शन मालिका निघाली, तेव्हा पुस्तक हाती न घेणाऱ्या घरांतही ती गोष्ट पोचली.

‘आयदान’ही असंच कागदावरून उठलं. ‘व्हय मी सावित्रीबाई’ या एकपात्री प्रयोगामुळे परिचित असलेल्या सुषमा देशपांडे यांनी ते रंगमंचावर आणलं. तीन अभिनेत्री आळीपाळीने उर्मिला होतात, आई होतात, गावातल्या बायकाही होतात. तिथे बाजाराच्या वाटेवरच्या बायकांच्या थट्टामस्करीला हसू फुटतं. हे पुस्तक हसवतंही, हे एकट्याने वाचताना ज्यांच्या ध्यानात आलं नसेल, त्यांनी ते एकदा चार जणींत मोठ्याने वाचून पाहावं.