काळ्या वाघाला हवी नवी सोयरीक

ओडिशातल्या मयूरभंज जिल्ह्यात सिमिलीपालचा व्याघ्र प्रकल्प आहे. क्षेत्रफळ साधारण 2,750 चौरस किलोमीटर. सालवृक्षांच्या या जंगलात काळे वाघ राहतात. ते नखशिखांत काळे नसतात. त्यांचे पट्टे इतके रुंद आणि एकमेकांत इतके मिसळलेले असतात की पिवळा रंग मधल्या फटींतून जेमतेम डोकावतो. जगातल्या दुसऱ्या कुठल्याही जंगलात आज असा वाघ दिसत नाही. 2022 च्या व्याघ्रगणनेत सिमिलीपालमध्ये 16 वाघ नोंदले गेले, त्यांपैकी 10 काळे होते.

या वाघांची छायाचित्रे पाहून हरखून जायला होते. पण जनुकशास्त्राच्या अंगाने विचार केला की हाच रंग काळजीत टाकतो. हे वाघ किती एकटे पडले आहेत, हे त्या रंगावरूनच कळते.

बंगळूरूच्या नॅशनल सेंटर फॉर बायॉलॉजिकल सायन्सेसमधल्या उमा रामकृष्णन, विनय सागर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2021 मध्ये या रंगाचे मूळ शोधून काढले. ‘टॅकपेप’ नावाच्या जनुकात एका अक्षराचा बदल झाला आहे, बस एवढेच. आफ्रिकेतल्या किंग चित्त्याचे जाड पट्टे आणि घरच्या काही मांजरांच्या अंगावरची मोठी वळणे याच जनुकातल्या बदलांमुळे येतात. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आणि एक बापाकडून आलेली. टॅकपेपमधला हा बदल अप्रभावी आहे, म्हणजे दोन्ही प्रती बदललेल्या असतील तरच वाघ काळा दिसतो. एकच बदललेली असेल तर वाघ नेहमीसारखा पिवळा राहतो आणि ती प्रत गुपचूप पुढच्या पिढीकडे जाते.

आता थोडे गणित करू. एखाद्या जंगलात शंभरातली एक प्रत बदललेली असेल, तर दोन्हीकडून तीच मिळण्याची शक्यता दहा हजारांत एक. असा वाघ कुणाच्या नजरेलाही पडणार नाही. सिमिलीपालमध्ये संशोधकांना बदललेल्या प्रतींचे प्रमाण 58 टक्के आढळले. या हिशेबाने साधारण तीन वाघांमागे एक काळा असायला हवा, आणि नात्यातल्या नात्यात मीलन वाढले की हा वाटा आणखी फुगतो. सिमिलीपालबाहेरच्या एकाही रानातल्या वाघात मात्र त्यांना हा बदल सापडला नाही. प्राणिसंग्रहालयांतले जे काळे वाघ त्यांनी तपासले, त्यांची वंशावळही सिमिलीपालशीच जाऊन भिडली.

इतके प्रमाण वाढले कसे? काळा रंग फायद्याचा म्हणून निवडला गेला, असे चटकन मनात येते. आपल्याकडे कोकणात आणि सह्याद्रीत काळा बिबट्या अधूनमधून दिसतो. त्याचा रंग वेगळ्याच जनुकामुळे येतो आणि तोही अप्रभावी असतो. मलेशियाच्या द्वीपकल्पात तर जवळजवळ सगळे बिबटे काळे आहेत. तिथल्या दाट, दमट अरण्यात या रंगाने लपायला मदत होत असावी, असा अभ्यासकांचा कयास आहे. सिमिलीपालच्या बाबतीत मात्र पुरावा नशिबाच्या बाजूने झुकतो. समजा, एका जंगलात पाचच वाघ उरले. त्यांच्याकडे टॅकपेपच्या मिळून दहा प्रती. त्यांतली एक बदललेली असेल, तर सुरुवातच दहा टक्क्यांनी झाली. पुढे कुणाची पिल्ले जगली आणि कुणाची मेली, एवढ्या योगायोगावर ते प्रमाण पन्नासवर जाऊ शकते किंवा शून्यावर येऊ शकते. याला जनुकीय विचलन म्हणतात. हजार वाघांत असे योगायोग एकमेकांना खोडून काढतात. पाचांत ते इतिहास घडवतात.

काळ्या रंगाने वाघाचे काही बिघडते, असे दिसलेले नाही. चिंता वेगळी आहे. ज्या योगायोगाने काळ्या रंगाची प्रत वर आली, त्याच योगायोगाने सदोष प्रतीही वर येतात, आणि त्या पट्ट्यांसारख्या डोळ्यांना दिसत नाहीत. प्रत्येक सजीव काही बिघडलेल्या प्रती अंगात घेऊनच जन्मतो. दुसरी प्रत चांगली असली की निभावते. चार घरांच्या वाडीत बाहेरून सोयरीक आलीच नाही, तर काही पिढ्यांत सगळेच एकमेकांचे रक्ताचे होतात. तसे झाले की एकच बिघाड आईकडून आणि बापाकडूनही मिळण्याचे प्रसंग वाढतात. पिल्ले दगावतात, वीर्य निकृष्ट होते, रोगांपुढे टिकाव लागत नाही.

माणसाने हे पिंजऱ्यात जाणूनबुजून घडवले आहे. 1951 मध्ये रीवाचे महाराजा मार्तंड सिंह यांनी जंगलात पांढरा बछडा पकडला आणि त्याचे नाव मोहन ठेवले. बेगम या पिवळ्या वाघिणीपासून त्याला झालेले एकही पिल्लू पांढरे नव्हते. मग त्याची जोडी त्याच्याच मुलीशी, राधाशी लावली आणि 1958 मध्ये चार पांढरे बछडे जन्मले. पुढे जगभरच्या प्राणिसंग्रहालयांत हा रंग टिकवण्यासाठी भाऊ-बहीण, बाप-लेक अशी मीलने पिढ्यानपिढ्या होत राहिली. रंग टिकला, पण दगावलेल्या आणि व्यंग असलेल्या पिल्लांच्या रूपाने त्याची किंमत वाघांनी मोजली. म्हणून 2024 च्या आरंभी ओडिशा सरकारने बारीपदाजवळ काळ्या वाघांची सफारी जाहीर केली, तेव्हा मला आनंद झाला नाही. दुर्मीळ रंग तिकिटाच्या खिडकीवर आला की तो वाढवण्याचा मोह सुटत नाही. रीवाची कहाणी त्याची साक्ष आहे.

रानात काय घडते, याचा भारतातला उत्तम अभ्यास रणथंबोरचा आहे. अनुभव खान, उमा रामकृष्णन आणि सहकाऱ्यांनी 2021 मध्ये तिथल्या वाघांचे संपूर्ण जनुकसंच मध्य भारतातल्या आणि दक्षिणेतल्या वाघांशी ताडून पाहिले. रणथंबोरच्या वाघांत अंतःप्रजननाच्या खुणा ठळक होत्या. विशेष म्हणजे, अत्यंत घातक बदल त्यांच्यात कमी होते. असे बदल दोन्हीकडून मिळालेले पिल्लू जगतच नाही, त्यामुळे ते वंशातून गळून पडतात. मात्र जीव न घेता शरीर कमकुवत करणारे बदल गळत नाहीत, साचत जातात. उलट मध्य भारतातल्या मोठ्या समूहात घातक बदल जास्त असतात, पण चांगल्या प्रतींच्या आड झाकलेले. त्यामुळे वाघ हलवताना कुठला वाघ कुठे न्यायचा, याचा निर्णय जनुके तपासून घ्यावा लागतो. 2008 पासून सरिस्का पुन्हा वसवले गेले तेव्हा तिथे आलेले वाघ रणथंबोरचेच होते. म्हणजे आधीच आखडलेल्या वंशाचीच एक फांदी तिकडे लावली गेली.

बाहेरून रक्त आणण्याचा उपाय चालतो. अमेरिकेतल्या फ्लोरिडात 1990 च्या सुमारास जेमतेम वीस-तीस प्यूमा उरले होते. त्यांच्या शेपट्यांना गाठी पडत, हृदयात छिद्रे असत, कित्येक नरांचे वृषण खालीच उतरत नसत. 1995 मध्ये टेक्सासहून आठ माद्या आणून सोडल्या. पुढच्या दीड दशकात प्यूमांची संख्या तिपटीने वाढली आणि व्यंगे घटली. पण एकदा रक्त मिसळून काम संपत नाही, हे सुपीरियर सरोवरातल्या आयल रॉयल बेटाने दाखवले. 1997 मध्ये बर्फावरून चालत एक लांडगा बेटावर आला. त्याची संतती इतकी फोफावली की दहा-बारा वर्षांत निम्म्याहून अधिक वंश त्याचाच झाला. दरम्यान हिवाळ्यात गोठणारा बर्फाचा पूल विरळ होत गेला, नवे लांडगे येईनात. 2018 पर्यंत दोनच लांडगे उरले, बाप आणि लेक, आणि तेही एकाच आईचे. अखेर बाहेरून लांडगे आणून सोडावे लागले.

सिमिलीपालसाठी वाघिणी गेल्या त्या आपल्या ताडोब्यातून. 2024 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जमुना आणि झीनत तिथे पोहोचल्या. झीनत थांबली नाही. झारखंडमार्गे ती पश्चिम बंगालच्या बांकुड्यापर्यंत गेली आणि 29 डिसेंबरला तिला बेशुद्ध करून परत आणावे लागले. नव्या रानात ठाव घेणे वाघिणीला सोपे नसते. त्या स्थिरावल्या आणि काळ्या नरापासून त्यांना पिल्ले झाली, तर ती सगळी पिवळी निघतील, कारण ताडोब्याच्या बाजूने येणारी प्रत न बदललेली असेल. सिमिलीपालचा वंश जसजसा सुदृढ होईल, तसतसे तिथले काळे वाघ कमी होत जातील. पर्यटकांना हे रुचणार नाही. तरी हा सौदा आनंदाने स्वीकारावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

पिंजऱ्यातून दोन वाघिणी नेता येतात, तेही मोठ्या खटाटोपाने. वाट मोकळी असेल तर हेच काम वाघ पिढ्यानपिढ्या स्वतःच्या पायांनी करतो. 2019 मध्ये यवतमाळच्या टिपेश्वरमधून निघालेला ‘वॉकर’ तीन हजारांहून अधिक किलोमीटर भटकला आणि बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. तिथे एकही वाघीण नव्हती. पेंचमधून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग 44 वर दीर्घ लढ्यानंतर वन्यजीवांसाठी भुयारी मार्ग बांधले गेले, आणि त्यांतून वाघ ये-जा करताना कॅमेऱ्यांनी टिपले आहेत. म्हणजे मनावर घेतले तर हे जमते. विदर्भातल्या वाचकांना माझी विनंती आहे: तुमच्या भागात नवा रस्ता, कालवा किंवा कोळशाची खाण येईल, तेव्हा जनसुनावणीला जरूर जा आणि वाघाचा भ्रमणमार्ग आराखड्यात कुठे दाखवला आहे, ते विचारा. उत्तर लेखी मागा.