परसातला शिंजीर आणि निसर्ग वादळ

२०२० चा रमजान लॉकडाऊनमध्ये गेला. शाळा बंद आणि मशिदीही बंद, त्यामुळे घरातली सगळी माणसे घरातच. रोजाच्या लांब दुपारी आम्ही स्वयंपाकघराच्या खिडकीतून परसातले लिंबाचे झाड बघत बसायचो. त्यावर शिंजिराची मादी घरटे बांधत होती. कोळ्याच्या जाळ्याचे धागे, सालींचे तुकडे, वाळलेली पाने असे कायकाय चोचीतून आणायची. घरटे म्हणजे फांदीला टांगलेली एक पिशवी, बाजूला तोंड आणि त्यावर छोटेसे छप्पर. बांधकाम आणि अंडी उबवणे सगळे मादीकडे. नर आपला चमकदार अंगरखा घालून जास्वंदीवर मध पीत फिरायचा. अम्मींनी त्यावर जे भाष्य केले ते इथे छापण्यासारखे नाही.

अब्बांची नोकरी आयुष्यभर जहाजावर झाली. ते म्हणाले, "हिच्यासारखीच चिमणी मी टेक्सासला गॅल्व्हस्टन बंदरात बघितलीय. साखरपाण्याच्या बाटलीपुढे हवेत उभी राहते." ती हमिंगबर्ड. दिसायला साम्य आहे, पण नाते जवळचे नाही. हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांत सापडतात. तिकडचा लाल गळ्याचा हमिंगबर्ड जेमतेम तीन ग्रॅमचा. तो सेकंदाला पन्नासेक वेळा पंख हलवतो, मागेही उडतो, आणि हिवाळ्यापूर्वी त्यातले कितीतरी मेक्सिकोचे आखात सुमारे ८०० किलोमीटर न थांबता पार करतात, तेही नेमके हरिकेनच्या दिवसांत. आपला शिंजीर त्याच्या दुप्पट-तिप्पट वजनाचा. तो क्षणभर हवेत तरंगतो, पण फांदीवर बसून मध पिणेच त्याला पसंत.

हरिकेन आणि आपले चक्रीवादळ मात्र एकच. समुद्र बदलला की नाव बदलते. त्याच गॅल्व्हस्टनमध्ये ८ सप्टेंबर १९०० रोजी आलेल्या हरिकेनमध्ये किमान ८,००० माणसे गेली. तेव्हा उपग्रह नव्हते, लोकांना नीट कल्पनाच आली नाही. आम्हाला मात्र मोबाइलवर सगळे दिसत होते. ईद २५ मे रोजी झाली. १ जूनला अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा तीव्र झाल्याची बातमी आली, २ तारखेला त्याचे वादळ झाले आणि बांगलादेशने सुचवलेले 'निसर्ग' हे नाव त्याला मिळाले. नकाशावरचा तो भोवरा श्रीवर्धन-अलिबागच्या दिशेने सरकत होता, आणि त्याच वेळी लिंबावर दोन पिल्ले चोची उघडून बसली होती. चारेक दिवसांची असतील.

घरटे आत आणायचे का, यावर घरात वाद झाला. मुलांचे म्हणणे, फांदीसकट कापून पडवीत आणू. अब्बांनी ठाम नकार दिला. मादीला घरटे सापडले नाही तर पिल्ले उपाशीच मरतील. शिवाय झाड घराच्या पूर्वेला, बुटके आणि लवचिक. आपल्या गोलार्धात वादळ घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरते, त्यामुळे त्याच्या दक्षिणेला असलेल्या गावात जोराचा वारा पश्चिमेकडून येणार आणि घराच्या भिंती झाडाला आडोसा देतील, असा त्यांचा हिशेब. आम्ही शिक्षक असून हे गणित त्यांनी आम्हाला अंगणात काठीने रेघा ओढून समजावले.

३ जूनला दुपारी वादळ किनाऱ्यावर चढले. वाऱ्याचा वेग ताशी १०० ते ११० किलोमीटर, झोत १२० पर्यंत. आकडा वाचायला काही वाटत नाही. आवाज मात्र असा की शेजारी बसलेल्या माणसाचे बोलणे ऐकू येईना. जुहर आम्ही मधल्या खोलीत पढलो तेव्हा पडवीचे पत्रे एकेक करून उडत होते. नारळ मुळासकट गेले. सुपारीची बाग, अब्बांनी पगारातून उभी केलेली, काडेपेटी सांडावी तशी आडवी झाली. सुपारीचे नवे झाड फळावर यायला सहा-सात वर्षे लागतात. त्या संध्याकाळी अब्बा बागेच्या गडग्यावर बसून राहिले, चहासुद्धा घेतला नाही.

लिंबाचे झाड उभे होते. घरटे भिजून लोंबत होते, एक पिल्लू मेलेले, एक जिवंत. मादी दुसऱ्या दिवशी सकाळी आली.

पण फूल कुठे उरले होते? जास्वंद पार ओरबाडलेली. पिल्लांना कोळी आणि किडे चालतात, मादीला स्वतःला मध हवा. मुलांनी वाटीत साखरपाणी ठेवले. अमेरिकेत एक भाग साखर, चार भाग पाणी असे प्रमाण ठेवतात. आमच्याकडे मुंग्यांनी त्याची मेजवानी केली, शिंजीर फिरकलाच नाही. मग अम्मींना सुचले. केळी आडव्या झाल्या होत्या, पण केळफुले ताजी होती. चार केळफुले कापून कपडे वाळत घालायच्या तारेवर बांधली. दुपारपर्यंत मादी तिथे येऊन बसली. बारा-तेरा दिवसांनी उरलेले पिल्लू उडाले. गावात वीज यायला त्यानंतरही कितीतरी दिवस लागले.

पुढच्या वर्षी मे महिन्यात, ईदनंतर दोन-तीन दिवसांतच, तौक्ते आले. ते किनाऱ्याला घासून गुजरातकडे गेले. तोवर अब्बांनी सुपारीची रोपे लावली होती. कोवळ्या सुपारीला ऊन सोसत नाही, म्हणून मध्ये सावलीला केळी लावतात. सुपारी अजून कमरेएवढी होती, पण केळ्यांना फूल आले होते. शिंजिराची जोडी आता लिंब सोडून दिवसभर त्या बागेतच असते. अब्बाही.