इंजिनाच्या झाकणाला काचेची खिडकी : हौसेला मोल नसते, जिवाला असते

एस. टी.च्या जुन्या गाड्यांत ड्रायव्हरच्या डाव्या हाताला पेटाऱ्यासारखे एक मोठे झाकण असे. वर रेक्झिनचे जाड आच्छादन, खाली घरघर आणि ऊब. गर्दीच्या दिवशी त्याला टेकून उभ्या राहिलेल्या मुलांनी विचारावे, ‘याच्या आत काय आहे?’ आणि मोठ्यांनी सांगावे, ‘इंजिन.’ बहुतेक घरांत हा प्रश्न इथेच संपतो. वास्तविक तो इथून सुरू व्हायला हवा. जे यंत्र आपल्याला घेऊन धावते, ते आत काय करते, आपल्यापासून किती अंतरावर करते आणि त्या दोघांच्या मध्ये काय आहे, हे विचारण्याचा अधिकार प्रत्येक प्रवाशाला आहे.

अमेरिकेतील हौशी व्हॅनमालकांनी या प्रश्नाचे मोठे गमतीदार उत्तर शोधले. त्यांनी झाकणच कापले आणि त्याला काचेच्या खिडक्या बसविल्या. बसल्या जागेवरून इंजिन दिसावे, रात्री आत दिवा लावला की ते उजळून निघावे, अशी ही हौस. पैसेवाल्यांचा रिकामा खेळ म्हणून ती सोडून द्यावी असे काहींना वाटेल. आम्हाला तसे वाटत नाही. या एका खिडकीत मोटारविद्येचे बरेच शिक्षण आहे, आणि चुकीची बसविली तर घरातील माणसांच्या जिवाशी गाठ आहे. म्हणून गॅरेजात काम करणाऱ्या, आय. टी. आय.मध्ये शिकणाऱ्या आणि कुटुंबासाठी गाडी बाळगणाऱ्या अशा सर्वच वाचकांसाठी हा विषय घेतला आहे.

इंजिन माणसाशेजारी कसे आले?

फोक्सवॅगनच्या जुन्या व्हॅनचे इंजिन मागे असे. अमेरिकेत फोर्ड कंपनीने १९६१ सालासाठी इकोनोलाइन ही चपट्या तोंडाची व्हॅन काढली. शेव्हरोले आणि डॉज यांच्या तशाच व्हॅन १९६४ मध्ये आल्या. या गाड्यांना पुढे नाक नव्हते. इंजिन सरळ ड्रायव्हर आणि शेजारचा प्रवासी यांच्या मधोमध बसविलेले असे. फायदा उघड होता. गाडीची लांबी वाढत नव्हती आणि मागे माल ठेवायला सपाट, मोकळी जागा मिळत होती. तोटाही होता. सारे वजन पुढे गेल्याने मागची चाके हलकी पडत. म्हणून फोर्डने मागच्या बाजूला सुमारे ७५ किलोचे वजन मुद्दाम बसविले होते.

दोन बैठकांच्या मध्ये उभ्या असलेल्या या इंजिनाच्या झाकणाला अमेरिकन लोक ‘डॉगहाऊस’, म्हणजे कुत्र्याचे घर म्हणतात. आकार तसाच असतो. पुढे १९६८ नंतरच्या व्हॅनना थोडे नाक फुटले, इंजिन पुढे सरकले, तरी त्याचा मागचा भाग केबिनमध्येच राहिला आणि झाकणही राहिले.

१९७० च्या दशकात तिकडच्या तरुणांना व्हॅन सजविण्याचे वेड लागले. आत लांब केसांचे गालिचे, बाजूला गोल खिडक्या, बाहेर रंगीत चित्रे. इंजिनही चकचकीत करण्यात आले. एअर फिल्टरच्या डब्याला आणि टॅपेट कव्हरला क्रोमचा मुलामा दिला, पाइप रंगविले. पण इतका खर्च करून सारे झाकणाखाली! मग झाकणालाच खिडकी पाडावी, हा विचार ओघानेच आला.

झाकणाचे खरे काम

झाकण म्हणजे केवळ आडोसा, असे समजणारा मनुष्य ते बिनधास्त कापतो. म्हणून करवत हाती घेण्यापूर्वी झाकण कोणकोणती कामे करते ते पाहू.

पहिले काम विषारी वायू अडविण्याचे. इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. आधी डोके दुखते, मळमळते, चक्कर येते. प्रवासात हे नेहमीचेच, असे समजून माणूस डोळे मिटतो, आणि झोपेतच बेशुद्ध होतो. मॅनिफोल्डचे पॅकिंग फुटले किंवा पाइपाला तडा गेला तर हा वायू सायलेन्सरपर्यंत न जाता इंजिनाभोवतीच साचतो. त्यातच रेडिएटरचा पंखा समोरची हवा इंजिनावर ढकलीत असतो. ती हवा मिळेल त्या फटीतून बाहेर पडू पाहते. अशा वेळी माणूस आणि वायू यांच्या मध्ये उभे असते ते हे झाकण आणि त्याच्या कडेची रबरी पट्टी.

दुसरे काम उष्णता अडविण्याचे. इंजिनातील पाणी साधारण ९० अंश सेल्सिअसला खेळत असते. मॅनिफोल्डची गोष्ट निराळी. चढावर भरल्या गाडीत त्याचा पृष्ठभाग कित्येक शे अंशांपर्यंत तापतो. तिसरे काम आवाज कमी करण्याचे. झाकणाच्या आतून चिकटविलेला जाड थर उष्णता आणि आवाज दोन्ही शोषतो. चौथे काम अपघाताच्या वेळचे. पेट्रोलची नळी गळून भडका उडाला, रेडिएटरची नळी फुटून उकळते पाणी उडाले किंवा पट्टा तुटून फटकारला, तर ते पहिल्या क्षणी माणसांवर येऊ नये.

थोडक्यात, झाकण ही भिंत आहे. भिंतीला खिडकी करायला कोणाची हरकत नाही. परंतु खिडकीने भिंतीची चारही कामे केली पाहिजेत. जी खिडकी नुसतेच दाखविते आणि अडवीत काहीच नाही, ती खिडकी नव्हे, ते भोक.

काच कोणती घ्यावी?

दुकानात पारदर्शक म्हणून मिळणाऱ्या सर्व वस्तू सारख्या नसतात. दुकानाच्या पाट्यांसाठी वापरतात ते अ‍ॅक्रिलिक स्वस्त असते, सहज कापता येते. पण शंभर अंशांच्या आसपास ते मऊ पडते, फुगते, वाकते. इंजिनाशेजारी त्याला जागा नाही. पॉलिकार्बोनेट पुष्कळ दणकट. हातोड्याने सहजी फुटत नाही आणि सुमारे ११५ अंशांपर्यंत टिकून राहते. मात्र पेट्रोल आणि रंगाचे थिनर लागले की त्याला बारीक चिरा पडतात, आणि कोरड्या फडक्याने पुसले तरी ओरखडे उठतात. मॅनिफोल्डपासून लांब, झाकणाच्या वरच्या अंगाला ते चालू शकते.

टफन केलेली काच दोनशे अंशांचा ताप सहन करते आणि फुटलीच तर बोथट बारीक तुकडे होतात. पण एकदा टफन झाल्यावर ती कापता येत नाही, भोकही पाडता येत नाही. कापायला गेले की सबंध काच चुरा होते. म्हणून आधी नेमके माप द्यावे, कडा गोल करून घ्याव्यात आणि मगच काच भट्टीत टफन करावयास पाठवावी. शेगडीच्या तोंडाला लावतात ती सिरॅमिक काच सुमारे सातशे अंशांपर्यंत तग धरते. परंतु ती महाग असते, आणि जोराच्या धक्क्याने फुटली तर तिचे तुकडे धारदार असतात. साधी खिडकीची काच तर मुळीच नको. थंड पाण्याचा एक शिंतोडा तिला पुरेसा आहे.

जाणकार मंडळी दोन काचा लावतात. इंजिनाच्या बाजूला टफन काच, माणसांच्या बाजूला पॉलिकार्बोनेट आणि दोहोंच्या मध्ये हवेची पोकळी. अशाने उष्णता आणि आवाज कमी येतो, आणि आतली काच फुटली तरी बाहेरची उभी राहते. भिंतीचे काम खिडकीकडून करवून घेणे म्हणजे हेच.

कापण्यापूर्वी आणि कापताना

प्रथम झाकण काढून बाहेर न्यावे. गाडीत बसून कापू नये. पुष्कळ व्हॅनचे झाकण फायबरचे असते. त्याची धूळ श्वासातून फुप्फुसात जाते आणि कातडीला खाज आणते. नाकावर चांगला मास्क, डोळ्यांना चष्मा, हातांत मोजे हवेतच. जुन्या गाडीच्या आतल्या थरात अ‍ॅस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो. तशी शंका आल्यास त्या थराला हात न लावणे उत्तम.

जागा ठरविताना मॅनिफोल्ड कोणत्या बाजूस आहे ते आधी पाहावे आणि खिडकी त्याच्या विरुद्ध बाजूस किंवा वर घ्यावी. कागदाचा नमुना कापून तो चिकटवावा. चारही कोपऱ्यांत आधी गोल भोके पाडावीत आणि मग एका भोकापासून दुसऱ्यापर्यंत बारीक दात्यांची करवत चालवावी. टोकदार कोपरा राहिला की गाडीच्या हादऱ्याने तिथूनच तडा जातो. आतल्या थराच्या कापलेल्या कडा उघड्या ठेवू नयेत. त्या तेल पितात, आणि तेल प्यालेला थर पेट घेतो. त्यावर उष्णता सोसणारी अ‍ॅल्युमिनियमची चिकटपट्टी लावावी.

काच नुसती चिकटवून भागत नाही. आतून एक, बाहेरून एक अशा धातूच्या दोन चौकटी, मध्ये उष्णता सोसणारे सिलिकॉन रबर आणि सर्व बाजूंनी सारखे आवळलेले नटबोल्ट, अशी रचना असावी. काचेला बोल्ट थेट लागू नये, तिला फुगायला कडेने थोडी फट ठेवावी आणि ती फट रबराने भरावी. दिवा लावायचा तर बारा व्होल्टची एल. ई. डी. पट्टी पुरते. तिला स्वतंत्र फ्यूज हवा आणि वायर मॅनिफोल्डपासून दूर बांधलेली हवी. वितळलेल्या एका वायरीने उभी गाडी जळू शकते.

सर्व झाल्यावर एक सोपी परीक्षा आहे. रात्री, इंजिन पूर्ण थंड आणि बंद असताना, आत प्रखर बॅटरी लावून ठेवावी आणि झाकण बसवावे. केबिनमधले दिवे मालवून चारही बाजूंनी पाहावे. काचेतून प्रकाश यावा, चौकटीच्या किंवा झाकणाच्या कडेने त्याची रेघही दिसू नये. जिथून प्रकाश येतो तिथून वायू येतो. ही परीक्षा उतरली तरी केबिनमध्ये कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारे छोटे यंत्र लावावे. मागे मुले झोपलेली असताना आपले नाक तो वायू ओळखू शकत नाही, हे यंत्र ओळखते.

आत दिसते काय?

एवढे करून काय दिसते? पिस्टन दिसत नाही, ठिणगी दिसत नाही, पेट्रोल जळताना दिसत नाही. सारा खेळ लोखंडाच्या आत असतो. वरून दिसतो तो एअर फिल्टरचा डबा, काही नळ्या, आणि जागा बरोबर साधली तर फिरणारा पट्टा. काही महिन्यांत काचेवर तेलाची पुटेही चढतात. पण खरा उपयोग त्या पुटांतच आहे. पुसलेली काच आठवड्यात पुन्हा काळी झाली तर टॅपेट कव्हरचे पॅकिंग गेले असावे. हिरवट थेंब दिसले तर रेडिएटरची नळी पाहावी. पट्ट्याच्या कडेचे दोरे सुटलेले दिसले तर तो वाटेत तुटण्याआधी बदलावा. शोभेसाठी केलेली खिडकी अशी तपासणीच्या कामी येते. मात्र त्यासाठी रोज पाहणारा डोळा हवा.

आपल्याकडे काय?

आपल्याकडच्या मारुती ओम्नीत इंजिन पुढच्या बैठकीखालीच असे. ती व्हॅन १९८४ पासून २०१९ पर्यंत बनली आणि शाळेच्या मुलांपासून रुग्णांपर्यंत सर्वांना तिने वाहिले. अशा गाड्या अजूनही रस्त्यावर आहेत. त्यांत खिडकी पाडायची गरज नाही, पण वरचे सर्व नियम त्यांनाही लागू आहेत. बैठकीखालचे रबर झिजले, झाकणाचा एखादा स्क्रू हरवला, वायर नेण्यासाठी कोणी भोक पाडून तसेच ठेवले, तर तेही भिंतीला पडलेले भोकच. शाळेच्या व्हॅनमध्ये मुलांना धुराचा वास येत असेल, उतरल्यावर डोके दुखत असेल, तर पालकांनी संकोच न करता व्हॅनवाल्या दादांना बैठक उचलून दाखवायला सांगावे.

नवी काही हौस करायची तर कायदाही ध्यानात घ्यावा. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणीतील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितले. म्हणून आधी आर. टी. ओ. आणि विमा कंपनी यांना लेखी विचारावे, मग करवत उचलावी.

ज्या मुलांना इंजिनाच्या आत डोकवायचे आहे, त्यांना आय. टी. आय.च्या कार्यशाळेत न्यावे. तिथे उभे कापलेले इंजिन ठेवलेले असते. हाताने फिरविले की पिस्टन वरखाली होतो, झडपा उघडतात, मिटतात. हजारो रुपयांच्या काचेतून जे दिसत नाही, ते तिथे फुकट दिसते. यंत्राची ओळख त्या इंजिनापाशी करून घ्यावी, आणि गाडीत बसताना झाकणाच्या कडेवरून एकदा हात फिरवावा, रबर जागेवर आहे की नाही ते पाहण्यासाठी.